चार ठोक्यांची तूट

दुरुस्तीला आला तो एनटीएससी (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीचा) सुपर निन्टेन्डो हा जुना गेम कन्सोल, त्याची स्कार्ट केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नेणारी), एक ओएसएससी (जुन्या कन्सोलच्या चित्राची प्रत्येक ओळ दुप्पट, चौपट करून एचडीएमआय टीव्हीला देणारी पेटी) आणि सोबत ही तक्रार: 'लाइन २एक्स'वर चित्र ठणठणीत, पण 'लाइन ४एक्स' लावलं की दर पाच-सात सेकंदांनी टीव्ही काळा होतो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. आवाजही सोबतच जातो.

अशा वेळी पहिला संशय केबलवर. स्कार्टचा प्लग उघडला. लाल, हिरवा, निळा या तिन्ही वायरींवर २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, सोल्डर पक्कं, सिंक (प्रत्येक ओळ आणि फ्रेम कधी सुरू होते ते सांगणारा सिग्नल) कंपोझिट व्हिडिओवरून न घेता स्वतंत्र सी-सिंकवरून घेतलेला. (पाल, म्हणजे युरोपच्या टीव्ही पद्धतीच्या, कन्सोलच्या केबलमध्ये कपॅसिटरऐवजी ग्राउंडला जोडलेले ७५ ओहमचे रेझिस्टर लागतात आणि सी-सिंकच्या पिनवर १२ व्होल्ट असतात, म्हणून केबल कोणत्या कन्सोलची हे आधी बघायचंच.) एचडीएमआय केबल बदलली, फरक नाही. मग त्याच ओएसएससीवर, त्याच टीव्हीला सेगाचा मेगा ड्राइव्ह कन्सोल लावून ४एक्सवर अर्धा तास चालू ठेवला. चित्र एकदाही गेलं नाही.

एनटीएससी मेगा ड्राइव्ह सेकंदाला ५९.९२ फ्रेम देतो, सुपर निन्टेन्डो ६०.०९८८. ओएसएससीत फ्रेम बफर (अख्खी फ्रेम साठवणारी मेमरी) नाही, आत येईल तीच गती बाहेर जाते. टीव्हीला ६०.१ झेपत नसेल, असं वाटलं. पण गतीच झेपत नसेल तर टीव्ही सहसा चित्र घेतच नाही. घेऊन मधेच सोडत नाही. खात्रीसाठी फ्रेम बफर असलेला रेट्रोटिंक ५एक्स हा स्केलर (चित्र मोठं करणारी पेटी) 'फ्रेम लॉक'वर लावला. बाहेरची गती तीच ६०.०९८८, आणि चित्र तासभर स्थिर. गतीवरचा संशय फिटला.

उरलं एकच कारण. सुपर निन्टेन्डोची प्रत्येक ओळ मास्टर क्लॉकच्या (सगळ्या कन्सोलला ताल देणाऱ्या घड्याळाच्या) १३६४ ठोक्यांची असते, पण २४०पीमध्ये (अशा कन्सोलच्या नेहमीच्या, इंटरलेस नसलेल्या चित्रात) एकाआड एक फ्रेमला एक ओळ १३६० ठोक्यांचीच येते. तूट अवघ्या ०.१९ मायक्रोसेकंदाची. हा बिघाड नव्हे, कन्सोलची रचनाच तशी आहे आणि सीआरटीला (जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीला) त्याचा पत्ताही लागत नाही. ओएसएससी मात्र एचडीएमआयचा पिक्सेल क्लॉक (एकेक ठिपका पाठवण्याचा ताल) या ओळींच्या सिंकवरूनच बांधतो. आखूड ओळ आली की तो क्लॉक हलतो, आणि टीव्हीतल्या रिसीव्हरची पकड सुटते. बरेच टीव्ही हे निभावून नेतात, हा नेत नव्हता. बफरवाल्या स्केलरचा क्लॉक ओळीमागून ओळ धावत नाही, म्हणून तिथे हिसका पोचलाच नाही.

ओएसएससीच ठेवायचा तर मास्टर क्लॉकच्या वाटेत डी-जिटर बोर्ड बसवावा लागतो. ही तूट तिथेच भरून निघते. मालकांना कन्सोल उघडायचा नव्हता, तेव्हा ओएसएससीच्या जागी रेट्रोटिंक ५एक्स ठेवणं आलं.

त्यात 'ट्रिपल बफर'ही आहे, तो नेमके ६० हर्ट्झ देतो आणि जवळजवळ कुठल्याही टीव्हीवर चालतो. पण सेकंदाला जास्तीची ०.०९८८ फ्रेम कुठेतरी टाकावी लागतेच: साधारण दर दहा सेकंदांनी एक फ्रेम गळते. २४०पी टेस्ट सूट या चाचणी प्रोग्रामच्या स्क्रोल चाचणीत सरकतं चित्र त्या क्षणी स्पष्ट अडखळलं. एकदा दिसलं की ते दिसतच राहतं, आणि उपाय हाताशी असताना ते सोसण्यात अर्थ नाही. 'फ्रेम लॉक' ठेवला.

शेवटी मोजमाप. सुपर निन्टेन्डोच्या चित्राच्या २२४ ओळी पाचपट केल्या की ११२० होतात, पडद्यावर जागा १०८० ची. वरून चार आणि खालून चार मूळ ओळी कापल्या जातात. मालकांच्या तिन्ही कार्ट्रिजमध्ये त्या ओळींत आकडे किंवा अक्षरं नव्हती, म्हणून पाचपटच कायम केलं.