तरंगंबाडीच्या न्यू जेरुसलेम चर्चची मोजणी

वास्तुसंवर्धनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला एका जुन्या वास्तूची स्वतः मोजणी करून तिचे आराखडे व इतिहास सादर करावा लागतो. बरोबरच्या बहुतेकांनी वाडे, घाट आणि मंदिरे निवडली. मी मात्र तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी या लहानशा गावातले न्यू जेरुसलेम चर्च निवडले. या निवडीमागे थोडे मराठी कारणही होते. हे चर्च उभे राहिले तेव्हा तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजी भोसले होते, आणि तरंगंबाडीचे डॅनिश व्यापारी गावाच्या जागेबद्दल तंजावर दरबाराला दरसाल ठरलेली रक्कम भरत असत.

पहिला टप्पा परवानगीचा होता. या चर्चमध्ये आजही नियमित उपासना होते आणि ते तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च या ख्रिस्ती धर्मसंस्थेकडे आहे. त्यामुळे स्मारकाचे तिकीट काढून आत जावे आणि टेप पसरावी, असे तिथे चालत नाही. कोणत्या भिंती मोजणार, कुठे शिडी लावणार, कशाला हात लावणार नाही, हे सगळे लिहून द्यावे लागले, आणि ते योग्यच होते. अर्जाचा तमिळ मसुदा तंजावरमधल्या एका मराठी कुटुंबाने करून दिला. त्यांची मराठी ऐकताना मला अधूनमधून थांबावे लागे, परंतु कार्यालयीन तमिळ त्यांना उत्तम येत होती. रविवार आणि उपासनेच्या वेळा सोडून मोजणीला अनुमती मिळाली.

मोजणीपूर्वी इतिहास वाचून घेणे मला फार उपयोगी पडले. डॅनिश लोक येथे आले ते 1620 मध्ये, तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून. किनाऱ्यावरचा डान्सबोर्ग किल्ला त्याच काळातला. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेयुस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युटशाऊ हे दोन जर्मन मिशनरी 9 जुलै 1706 रोजी येथे उतरले. राजाने पाठवलेले असूनही त्यांचे स्थानिक अधिकाऱ्यांशी पटले नाही, आणि 1708 मध्ये तर त्सीगेनबाल्गला त्याच डान्सबोर्ग किल्ल्यात चार महिने कैदेत राहावे लागले. युरोपीय वस्तीसाठी 1701 मध्ये बांधलेले झायन चर्च गावात होतेच. तमिळ ख्रिस्ती मंडळीसाठी 1707 मध्ये वेगळे छोटे चर्च झाले, ते अपुरे पडू लागल्यावर 1717 मध्ये नव्या चर्चची पायाभरणी झाली आणि 11 ऑक्टोबर 1718 रोजी त्याचे समर्पण झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, 23 फेब्रुवारी 1719 रोजी, वयाच्या 36व्या वर्षी त्सीगेनबाल्ग वारला. त्याची कबर याच चर्चच्या आत आहे.

प्रत्यक्ष मोजणीत मला सर्वाधिक विचार करायला लावला तो तळआराखड्याने. चर्चचा आकार क्रुसाचा आहे. लांबट आयताकृती सभागृहात सगळी मंडळी वेदीकडे तोंड करून एकत्र बसते; क्रुसाकृती वास्तूत ती बाहूंमध्ये विभागली जाते आणि प्रत्येक बाहू मधल्या चौकाकडे तोंड करतो. अठराव्या शतकात या मिशनच्या मंडळ्यांमध्ये जातींनुसार वेगळ्या बैठका होत्या आणि त्यावरून वाद होत राहिले, हे वाचलेले असल्यामुळे चौकात उभे राहून कर्ण मोजताना तो आराखडा मला निव्वळ धार्मिक चिन्ह म्हणून पाहता येईना. बाहू त्यासाठीच आखले, असे मी म्हणत नाही. परंतु एका छताखाली वेगवेगळे बसण्याची सोय या आकारात आपोआप होते, एवढे मी माझ्या टिपणात लिहिले आणि अखेरपर्यंत ठेवले.

भिंती जाड असल्यामुळे आतली आणि बाहेरची मापे एकमेकांशी जुळवणे हे वेगळेच काम असते. दोन्ही बाजू एकाच वेळी दिसत नाहीत, म्हणून दारे-खिडक्यांतून दोरी ओढून आतली रेषा बाहेर आणावी लागते. जमिनीची पातळी पाण्याच्या नळीने घेतली. दर्शनी भिंतीचा वरचा वळणदार कठडा, त्याखालचे राजमुकुटासह फ्रेडरिकचे अक्षरचिन्ह आणि 1718 हा आकडा यांसाठी लेझर वापरायचा बेत होता. पण चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर समुद्रकाठच्या उन्हात लेझरचा लाल ठिपका दिसतच नाही. तेव्हा पहाटेचा आणि सांजेचा वेळ त्याला दिला, आणि उरलेली वळणे ओळंब्याची दोरी सोडून तिच्यापासून आडवी अंतरे घेऊन कागदावर उतरवली. हे जुनेच तंत्र आहे, आणि वक्र रेषेसाठी मला ते अजूनही अधिक खात्रीचे वाटते.

मार्गदर्शकांना शीर्षकात ‘डॅनिश शैली’ हवी होती. मी ती घातली नाही. दर्शनी भिंत युरोपीय वळणाची आहे यात शंका नाही. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात बांधकामाचा दगड मिळत नाही. चर्च विटा आणि चुन्याचे आहे आणि आतली भाषा तमिळ. राजचिन्ह बाहेरच्या भिंतीवर आहे, म्हणून सगळी वास्तू राजाच्या देशाची ठरत नाही.

नुकसानीच्या नोंदीत तळाच्या भिंतींकडे मी विशेष लक्ष दिले. खाऱ्या हवेत विटांना लोणा लागतो, म्हणजे ओलाव्याबरोबर आलेले क्षार साचून वीट झडू लागते. चुन्याचा गिलावा तो ओलावा बाहेर जाऊ देतो आणि हळूहळू स्वतः झिजतो, म्हणून तो ठरावीक काळाने नव्याने करायचाच असतो. 2004 च्या त्सुनामीत चर्चचे नुकसान झाले होते आणि डागडुजीनंतर 2006 मध्ये ते पुन्हा उपासनेसाठी समर्पित झाले, त्यामुळे नवे काम कुठे आणि जुने कुठे, हे केवळ पाहून सांगणे धोक्याचे होते. जिथे खात्री नव्हती तिथे मी रंग न भरता जागा कोरी ठेवली.

छताच्या कमानीची जाडी वास्तूला धक्का न लावता मोजता येत नाही. छेदचित्रात, म्हणजे वास्तूचा उभा काप दाखवणाऱ्या आराखड्यात, ती तुटक रेषेने दाखवली, तेव्हा बाह्य परीक्षकांनी त्याबद्दल बराच वेळ विचारले आणि शेवटी तुटक रेषेसह आराखडे मान्य केले. आराखड्यांची एक प्रत चर्चच्या कार्यालयाला दिली आहे. पुढच्या डागडुजीत वरचा गिलावा उघडला गेला, तर तेवढे माप घेऊन कळवण्याचे कार्यालयाने मान्य केले आहे.