रिमोल्ड टायर आणि दोन कोंबड्या

परवा रात्री पुन्हा खिडक्यांची तावदानं थरथरली. मी उठून परसदारी गेले, तोवर नारिंगी ठिपका ढगात शिरला होता. मुलगा कूस बदलून झोपला, नवऱ्याला तर जागही आली नाही. ऑरलँडोच्या पूर्वेला राहायला लागल्यापासून आमचं असं झालंय. २०२४ या एका वर्षात स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन जातीच्या रॉकेटांची १३४ उड्डाणं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त इथून, फ्लोरिडातून. सांगलीत रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्यांना गाडीचा आवाज येईनासा होतो, तशीच गत.

पण २०१८ साली असं नव्हतं. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला, एका मंगळवारी, अख्खं मध्य फ्लोरिडा सुट्टीवर असल्यासारखं समुद्राच्या दिशेनं निघालं होतं, आणि त्यात आमची गाडीही होती. मागच्या सीटवर कानटोपी घातलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या मांडीवर भडंगाचा डबा.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. उमेदीची सगळी वर्षं पिटमध्ये, गाडीच्या पोटाखाली उभं राहण्यात गेली. थंडीचे तीन महिने आमच्याकडे आले होते आणि कंटाळले होते. फाल्कन हेवी या स्पेसएक्सच्या नव्या रॉकेटचं पहिलं उड्डाण आहे, शाळेतून लवकर आणून मुलाला दाखवायचंय, म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "माणसं आहेत का त्यात?" नाहीत म्हटलं, कंपनीच्या मालकाची लाल मोटार आहे, तिच्यात अंतराळवीराच्या पोशाखातला पुतळा बसवलाय आणि ती सूर्याभोवती फिरायला सोडणार आहेत. अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "पेट्रोलची का?" नाही, बॅटरीवरची. "मग ठीक."

मला स्वतःला तो मोटारीचा प्रकार निव्वळ जाहिरातबाजी वाटला होता, अजूनही वाटतो. पण एरवी अशा पहिल्यावहिल्या उड्डाणात वजनासाठी काँक्रीट नाहीतर लोखंड भरतात, हेही खरं.

अण्णांचं लक्ष लागलं ते वेगळ्याच गोष्टीत. हे रॉकेट म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या फाल्कन ९ रॉकेटचे तीन खालचे भाग शेजारी शेजारी बांधलेले. प्रत्येकाला ९ इंजिनं, सगळी मिळून २७. काम झालं की तिन्ही भाग परत यायचे: बाजूचे दोन किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या ओट्यांवर, मधला समुद्रात उभ्या केलेल्या तराफ्यावर. "आणि एरवी?" एरवी समुद्रात पडून वाया. "म्हणजे स्वारगेटला पोचलं की गाडी भंगारात?" मी मान डोलावली. बाजूचे दोन्ही भाग २०१६ मध्ये एकेकदा जाऊन आलेत, पुन्हा वापरतायत, मधला तेवढा कोरा आहे, असं सांगितलं तेव्हा ते एकदम सावरून बसले.

"बरोबर आहे. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला लावत नसतात." (रिमोल्ड म्हणजे झिजलेल्यावर नवा पट्टा चढवलेला टायर.)

आम्ही टायटसव्हिलला नदीकाठी जागा धरली. नदीचं नाव 'इंडियन रिव्हर', याचं अण्णांना फार समाधान. खरं तर ती खाडीच आहे. पलीकडे सुमारे २० किलोमीटरवर लाँच पॅड, ३९ए. दुर्बिणीतून बघितलं तर क्षितिजावर खोचलेली पांढरी काडी. अलीकडे मैलभर माणसंच माणसं. आदल्या रात्रीपासून तंबू टाकून बसलेली कुटुंबं, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, शाळा बुडवून आलेली पोरं, गाडीच्या टपावर गादी टाकून झोपलेला एक महाभाग. आपल्याकडची जत्राच, फक्त पाळणा आणि देव नाही. आणि (इथे येणाऱ्या ज्येष्ठ पाहुण्यांसाठी सांगते) फिरत्या संडासांपुढे पाऊण तासाची रांग. चहा जपून प्या.

उड्डाण दीडला होतं. वर उंचावर वारा जोरात म्हणून पुढे ढकललं. मग अजून पुढे. प्रत्येक वेळी नवी वेळ कळली की गर्दीतून 'ऊंऽऽ' असा सूर निघायचा. "आमची मुक्कामाची गाडीसुद्धा एवढी लेट नसते," असं म्हणत अण्णांनी डबा उघडला.

भडंगामुळेच शेजारच्या म्हाताऱ्याशी ओळख झाली. तो स्पेस शटलवर, म्हणजे माणसं घेऊन अंतराळात जाऊन परत येणाऱ्या नासाच्या जुन्या यानावर, काम केलेला मेकॅनिक निघाला. शटलच्या अंगावर उष्णता अडवणाऱ्या फरशा असायच्या, वीस हजारांवर. दर फेरीनंतर त्या तपासायच्या, बिघडलेल्या काढून नव्या चिकटवायच्या, हे त्याचं काम. अण्णांना इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी शून्य. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले, पण दहा मिनिटांत माझी गरज संपली. त्यानं तळहातावर बोटानं चौकोन काढला, त्यावर अंगठा दाबून धरला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अण्णांनी ओळखलं: चिकटवून वाट बघत बसायचं. मग अण्णांनी हवेत टायर धरला, त्याची झीज घासून काढली, वरून नवा पट्टा गुंडाळला आणि भट्टीत घातला. तो म्हातारा हसून मांडीवर थाप मारायला लागला.

शटलचे बूस्टर, म्हणजे बाजूला जोडलेली जादा जोराची रॉकेटं, तेसुद्धा पॅराशूटनं समुद्रात उतरायचे, जहाजं त्यांना ओढून आणायची, पुन्हा भरून वापरायची. म्हणजे जुनं वापरण्याची कल्पना काही नवी नव्हे. अडचण खर्चाची. हे त्यानं सांगितलं आणि मी मराठीत केलं, त्यावर अण्णा म्हणाले, "मग त्या ओव्हरहॉलच्या पैशात नवी गाडी आली असती की." मी हे त्याला इंग्रजीत सांगितलं नाही. २०११ मध्ये शटल बंद पडलं तेव्हा या भागातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात त्याचीही. आमच्या गल्लीतली निम्मी घरं विकायला निघाली होती, एवढंच बोलून तो पुन्हा भडंगाकडे वळला.

वेळ काढायला मी मुलाला ३९ए ची महती सांगत होते. चंद्रावर उतरलेले पहिले लोक १९६९ मध्ये इथूनच गेले. कल्पना चावला शेवटची गेली तीही इथूनच, जानेवारी २००३ मध्ये. आणि १९७३ मध्ये स्कायलॅब...

"कुठलं?" अण्णांनी खुर्ची वळवली.

"स्कायलॅब. ते अंतराळ स्थानक. त्याच पॅडवरून उडालं होतं, मे १९७३ मध्ये."

माझ्या वयाच्या आणि मोठ्या वाचकांना आठवत असेल, किंवा घरी ऐकलं तरी असेल. १९७९ च्या जुलैत हे सत्तर टनांहून जड धूड खाली येणार, कुठं पडेल सांगता येत नाही, अशा बातम्या रेडिओवर रोज. आमच्या गावात लोकांनी उधारी मागणं सोडलं, काहींनी फेडणं सोडलं. मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणत कोंबड्या-बकऱ्यांवर संक्रांत आली. अण्णा तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. आजीनं तिच्या अंडी देणाऱ्या दोन कोंबड्या कापल्या, रस्सा केला, सगळ्यांना पोटभर वाढला आणि रात्रभर देवापुढं समई लावून बसली. ११ जुलैला स्कायलॅब पडलं ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. आजीनं पुढं कित्येक महिने अंडी विकत आणली.

अण्णांनी माझ्याकडून दुर्बीण मागून घेतली आणि पुढचा अर्धा तास कुणाला दिली नाही.

पावणेचारला लोक आपोआप उभे राहिले. कुणाच्या तरी रेडिओवर उलटी मोजणी, ती हळूहळू सगळ्या काठानं उचलली. शून्याला आवाज नाहीच. पाण्यापलीकडे दोन्ही बाजूंना पांढरा धूर लोटला आणि त्यातून सूर्याचा तुकडा वर निघाला. बघवत नव्हता इतका लख्ख. माणसं ओरडत होती आणि रॉकेट मुकं वर चढत होतं. तो मुका मिनिट मला सगळ्यात विचित्र वाटला. मग आवाज पाण्यावरून आला. आधी पायाखालची जमीन गुरगुरली, मागून कोरं मांजरपाट टरकन फाडावं तसा, पण न संपणारा. शर्ट छातीवर थरथरत होता. मुलानं कानावर हात घेतले आणि तोंड उघडंच ठेवलं.

एरवी लोक इथं पांगतात. त्या दिवशी कुणी हललं नाही. खरं बघायचं पुढेच होतं, म्हणून सगळ्या माना दक्षिणेकडे वळलेल्या. सात मिनिटं झाली, साडेसात. मग कुणीतरी किंचाळलं आणि बोटं वर गेली. निळ्या आकाशात दोन ठिणग्या, शेजारी शेजारी. दोन खांब, उभेच्या उभे, आपल्याच जाळावर तोललेले, जोडीनं खाली येत होते. इतके एकसारखे की डोळ्यांना दोन दिसतायत की काय वाटावं.

"पडतंय," अण्णा म्हणाले. लगेच म्हणाले, "नाही. उतरतंय."

ते झाडांच्या रेषेमागं गेले. काही वेळानं आवाजाहून जास्त वेगानं आल्यामुळे होणारे धमाके धडाधड येऊन आदळले, मागच्या मोटारींचे भोंगे वाजायला लागले, पाणकोळी उडाले. शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला बोटांनी विचारलं: पाना फिरवल्याची खूण, मग घड्याळ. पुन्हा किती दिवसांनी? त्यानं खांदे उडवले.

पासष्ट किलोमीटर परतायला साडेचार तास लागले. मधल्या भागाचं काय झालं ते उशिरा कळलं. उतरताना त्याची तीन इंजिनं पेटायला हवी होती, पेटवायचं रसायन कमी पडलं, एकच पेटलं. तराफ्यापासून शंभरेक मीटरवर तो ताशी ४८० किलोमीटर वेगानं पाण्यावर आपटला.

"म्हणजे दोन्ही रिमोल्ड आले," अण्णा म्हणाले, "आणि कोरा गेला."

घरी आल्यावर त्यांनी सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. काका रात्री सव्वादोनला उठून मोबाइलवर बघत बसले होते, त्यामुळे रॉकेटचं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. अण्णांनी मोटारीचंही सांगितलं नाही. खुर्चीत मागं रेलून, एसटी स्टँडवर बोलतात त्या आवाजात म्हणाले,

"अरे, स्कायलॅब उडालं ती जागा बघून आलो. व्हय, तीच. आईच्या दोन कोंबड्या फुकट गेल्या बघ."