सोंगाचं कापड

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर हातभट्टी चालते अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली होती. दोष सगळा वासाचा. एका जुन्या माठात गूळ, पाणी, मोडकी कात्री, गंजलेले खिळे आणि सायकलच्या चेनचा एक तुकडा घालून, तोंडाला फडकं बांधून मी तो उन्हात ठेवला होता. सोलापूरचं एप्रिलचं ऊन. चौथ्या दिवशी फेस आला, आठव्या दिवशी वास जिना उतरून खाली गेला. खालचे काका एका संध्याकाळी वर आले, माठाभोवती एक चक्कर मारली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कितीला देता?"

"काळा रंग आहे काका, कापडाचा."

"हां हां, रंगच की," म्हणत ते डोळा मिचकावून खाली गेले.

खरंच रंग होता. कलमकारीवाले पिढ्यान्‌पिढ्या काळा रंग याच रीतीने करत आलेत. गूळ आंबतो आणि त्या आंबट पाण्यात लोखंड उतरतं. पंधरा-वीस दिवसांनी गाळलेलं ते पाणी बघाल तर नुसतं गढूळ, तपकिरी. यात काळं काही असेल असं कुणालाही वाटणार नाही. खरी गंमत कापडात असते. ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं पाहिजे. हिरड्याचा जो तुरटपणा जीभ आवळतो, तोच लोखंडाला भेटला की काळा होतो. त्या पिवळट कापडावर मी कुंचला टेकवला. आधी राखाडी डाग पडला आणि बघता बघता, अक्षरशः बघता बघता, तो काळा झाला. मी आत हाक मारली, "अगं, लवकर ये!" बायको कणकेचे हात घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "झालं का? मग आता तो माठ हलवा."

हा खटाटोप माळढोकाच्या टोपीसाठी होता. माळढोक नराच्या डोक्यावर काळी टोपी असते, मान पांढरी, छातीवर काळा पट्टा, पाठ वाळलेल्या गवताच्या रंगाची. सोलापूरपासून जवळच नान्नजला त्याचं अभयारण्य आहे, 1979 सालापासूनचं. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सगळ्यांत जड पक्ष्यांपैकी एक. लहानपणी वडिलांबरोबर सायकलवर जाऊन मी तो एकदाच पाहिला. तेव्हाही तो लांब होता आणि माझ्या आधी वडिलांना दिसला होता. आता तर त्याचं दर्शन नशिबावरही सोडायची सोय राहिलेली नाही. दिसत नाही तर आपणच व्हावं, इतका सरळ हिशेब मी केला.

पिसांचा प्रश्न होता. खऱ्या पिसाला हात लावायचा नाही, कायद्यानेही आणि मनानेही. नायलॉनची पिसं बाजारात मिळतात, पण ती पिसं वाटतच नाहीत, झाडू वाटतात. उत्तर गावातच पडलेलं होतं. टॉवेल! सोलापुरात टॉवेलची कतरण किलोवर मिळते. टेरीचे ते बारीक फासे कापून उलगडले की धागे असे काही पिसारतात की लांबून पाखराचं अंग वाटावं. बाभळीच्या सालीत उकळून तपकिरी केले, काही जास्त उकळले, काही कमी. दोन हजारांवर तुकडे शिवले असतील. मोजायचं मी मध्येच सोडलं, बायकोने सोडलं नाही.

सोंग झालं फर्मास. नर माळढोक मादीसमोर गळ्याखालची पिशवी फुगवून थेट जमिनीपर्यंत लोंबवतो, शेपटी पाठीवर उलटी घेतो आणि लांबवर ऐकू जाईल असा घुमतो. ती पिशवी मी मलमलीची केली, आत फुगा. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाच्या एका फेरीत मी हे सगळं अंगावर चढवून निघालो. सात रस्त्याच्या अलीकडे परतीच्या पावसाने गाठलं. आता टॉवेलचं कामच मुळी पाणी पिणं. सोलापुरी टॉवेलने आपलं नाव राखलं. पंधरा किलोच्या पक्ष्याचं सोंग दहा मिनिटांत त्या पक्ष्यापेक्षा जड झालं. बाभळीचा रंग पायांवरून ओघळत होता, फुगा कधीच फुटला होता. एक चिमुरडी आईच्या छत्रीखालून ओरडली, "आई, कोंबडी!"

शहामृग म्हणाली असती तरी मी समजून घेतलं असतं.

लोक विचारतात, हे वेड कुठून लागलं. मी एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला आहे, एकवीस वर्षं. इथले गणवेश देशभर जातात. टेबलावर कापडाचे शंभर थर अंथरायचे, वर फर्मा ठेवायचा, खडूची रेघ आणि मशीन. शंभर पोरांच्या उजव्या बाह्या एका दमात. आयुष्यात मी किती लाख बाह्या कापल्या असतील देव जाणे, पण त्यातल्या एकीचाही हात मला माहीत नाही. त्यामुळे घरी आलो की एकाच माणसाचं, एकदाच होईल असं काहीतरी शिवावंसं वाटतं. कंटाळा येत नाही का, कारखान्यात कापड आणि घरी कापड? हलवायाला पेढा नको होत असेल. मला नाही होत.

पण वेडाचं बी त्याहून जुनं आहे. लहानपणी पहाटे वाड्यात वासुदेव यायचा. मोरपिसांची ती उंच टोपी, अंगात घोळदार झगा, हातात चिपळ्या. दान घेऊन तो गिरकी घ्यायचा तेव्हा झग्याचा घेर आधी फिरायचा की माणूस, हे मला कधी कळलं नाही. आणि पोतराज आला की मी आजीच्या पदराआड. त्याच्या कमरेला रंगीबेरंगी खणांच्या चिंध्यांचा घागरा असे. आसूड कडाडला की माझे डोळे मिटायचे, पण घागरा बघण्यासाठी किलकिले व्हायचे. आजी म्हणायची, "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही." हे ती पोतराजाला उद्देशून म्हणायची की आजोबांना, ते तिचं तिलाच ठाऊक.

आजकालची पोरं याला कॉस्प्ले म्हणतात. म्हणोत. मला सोंग हाच शब्द बरा वाटतो, त्यात थोडा लबाडपणा आधीच कबूल केलेला असतो.

ऐतिहासिक पोशाखांकडे मी चिडून वळलो. शिवजयंतीला भाड्याने मिळणारे पोशाख पाहिलेत ना? जांभळी मखमल, तीवर चमकी, पाठीला चेन. अरे, असा झळझळीत जांभळा देणारा रासायनिक रंग पर्किन नावाच्या पोराला प्रयोगशाळेत योगायोगाने सापडला तो 1856 साली. आणि पाठीची चेन तर विसाव्या शतकातली. सतराव्या शतकातला मावळा पाठीला चेन लावून गड चढेल का? मुलीच्या शाळेत मी हे एकदा पोटतिडकीने सांगितलं होतं. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या पोशाखांचं काम माझ्यावर येऊन पडलं. एकशे चौदा मावळे. तोंड उघडण्याआधी माणसाने आपली कात्री बघावी.

पण त्या कामात जुना अंगरखा उसवून बघायला मिळाला आणि माझा धंदाच मला नव्याने कळला. आमच्या शर्टाची बाही खांद्याला गोल कापून बसवतात. त्या गोलाईपायी दर शर्टामागे मूठभर कापड वाया जातं. त्याचीच तर कतरण होते. जुन्या अंगरख्यात गोलाई जवळजवळ नाहीच. सगळे चौकोन नि त्रिकोण. घेराला कळ्या, म्हणजे वर निमुळत्या, खाली रुंद पट्ट्या, एक सुलटी एक उलटी अशा कापलेल्या, म्हणजे उरतं काहीच नाही. आणि काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा, कोन खाली करून बसवलेला. त्याला चौबगला म्हणतात. तो तळहातापेक्षाही लहान चौकोन नसेल तर हात वर करताच अंगरखा सगळाच्या सगळा वर येईल. तो असला की हात आकाशाला लागला तरी कंबर जागची हलत नाही. हातमागाच्या अरुंद पन्ह्यात, एक बोटभर कापड न टाकता, तलवार चालवता येईल असा हात मोकळा केलेला. मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. कारखान्यात दुसऱ्या दिवशी जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, "काय करायलास बे हे? झोप नीट होईना का तुझी?"

मग बंदांचं प्रकरण. मुघल काळातल्या चित्रांत जाम्याचे, म्हणजे त्या लांब घेरदार अंगरख्याचे, बंद नीट बघा. हिंदू सरदाराचे डाव्या काखेखाली बांधलेले, मुसलमान सरदाराचे उजव्या. मी मराठा सरदाराचा जामा शिवला, तीन महिने लागले, सगळा हाताने, धावदोरा आणि हेम. मोठ्या अभिमानाने आरशासमोर मोबाईल धरला, फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. पाच मिनिटांत एका जाणकाराचं उत्तर. बंद चुकीच्या बाजूला! मी जामा काढून पाहिला, बंद डावीकडेच. पुन्हा घातला, पुन्हा पाहिला. रात्री अकरा वाजता उजेड पडला की आरसा डाव्याचं उजवं करतो. जाणकाराला हे पटवायला जाम्यापेक्षा जास्त वेळ लागला.

नाही म्हणायला एका आधुनिक वस्तूशी माझं गुळपीठ आहे, ती म्हणजे वेलक्रो. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा एक स्विस इंजिनिअर 1941 साली कुत्र्याला घेऊन रानात गेला. परत आला तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि याच्या कपड्यांत काटेरी बोंडं चिकटलेली. आपण शिव्या घालत ती उपटून टाकतो. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बारीक बारीक आकडे पाहिले. तिथून वेलक्रो. म्हणजे निसर्गाचं सोंग घेतलेली वस्तूच ती! नान्नजच्या माळावरून मी आजवर पँटभर कुसळं घरी आणली, पण सूक्ष्मदर्शक नव्हता आणि बायको दारातच अडवायची.

एवढं सगळं शिवलं, पण गावाचा स्वतःचा पोशाख शिवायचा राहून गेला होता. बाराबंदी. पुढे बारा बंद असलेला पांढरा शुभ्र अंगरखा. एरवी सबंध महाराष्ट्र संक्रांतीला काळं नेसतो, चंद्रकळा बाहेर काढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोलापूरचे रस्ते पांढरे होतात. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, आणि पुढे-मागे हजारो बाराबंद्या. दरवर्षी मी तयार विकत घ्यायचो. कटिंगवाल्याने तयार घेणं म्हणजे आचाऱ्याने हॉटेलात जेवणं. गेल्या डिसेंबरात ठरवलं, यंदा हाताने.

कळ्या कापल्या, चौबगला बसवला, अकरा बंद झाले. बारावा आतल्या अंगाला, अडचणीचा. यात्रा दोन दिवसांवर आली होती, डोळे शिणले होते आणि हाताशी वेलक्रोची पट्टी होती. बाहेरून कुणाला दिसणार आहे? वर शोभेपुरता बंद टाचला.

अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे यात्रेतल्या सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दुपारी, ते जिथे लागतं त्या संमती कट्ट्याजवळ उभा राहिलो आणि एक गंमत लक्षात आली. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. वर्षभर मी काहीही घालून बाहेर पडलो की माना वळतात, मोबाईल निघतात, पोरं मागे लागतात. आज अंगावरचा पोशाख माझ्या सगळ्या सोंगांहून जुन्या घाटाचा, आणि मी कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. उजवीकडे बाराबंदी, डावीकडे बाराबंदी, खांद्यावर बसलेल्या तीन वर्षांच्या पोरालाही इवलीशी बाराबंदी. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

संमतीचं वाचन सुरू झालं. "सत्यम सत्यम" कानावर आलं आणि हजारो हात वर गेले. माझाही गेला. चौबगल्याने काम चोख केलं, कंबर जागची हलली नाही. पण छातीपाशी, त्या अक्षतांच्या पावसात, टर्रकन्‌ आवाज झाला.

शेजारी एक आजोबा होते. मुंडासं, खोल गेलेले डोळे, हाताला तेलाचा वास. त्यांनी वळून बघितलं, माझा पुढचा पदर उचलला आणि आतली काळी पट्टी पाहिली. काही बोलले नाहीत. बोटाने एकेक बंद मोजत गेले, वरून खाली. अकरावर थांबले.

"बारावा कुठाय ओ?"

मी गप्प. त्यांनी कमरेचा पंचा सोडला, दाताने त्याची कड फाडून वीतभर चिंधी काढली, माझ्या टाचलेल्या बंदात ओवली आणि सुरगाठ मारली.

"आता करा हात वर," ते म्हणाले.