तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं मुरुड?

"दोन दिवस मुरुडला जायचंय, कसं आहे हो?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही हा प्रश्न येतो आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला: कुठलं? दापोलीचं मुरुड माझं आजोळ आणि रायगडातल्या मुरुडात माझी नोकरीची तीन वर्षं गेली. (लातूरकडेही एक मुरुड आहे, पण तिथे पोहायला कोणी जात नाही.)

हसू नका. माझ्या एका सहकाऱ्याने खोली घेतली दापोलीच्या मुरुडात आणि कुटुंबाला घेऊन पोचला राजपुरीच्या धक्क्यावर. खोलीवाल्या काकूंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "हर्णैच्या अलीकडे फाटा आहे बघा." समोर जंजिरा, आणि हा हर्णै शोधतोय! मग आगरदांड्याला गाडी जंगलजेटीत (म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) चढवून दिघीला उतरले, श्रीवर्धन, बागमांडला, पुन्हा जंगलजेटी, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, पुढे केळशी-आंजर्ल्याची वळणं. रात्री पोचले तेव्हा पोरं झोपलेली आणि बायको बोलत नव्हती. आता तो म्हणतो, सगळ्या सहलीत तो प्रवासच छान झाला. बायकोचं मत मी विचारलेलं नाही.

रायगडचं मुरुड हे संस्थानचं गाव. नगरपरिषद, बाजारपेठ, गावाबाहेर नवाबाचा वाडा. १९४८ पर्यंत इथे सिद्दींचं राज्य होतं. लोक पुळणीवर उभे राहून समोरच्या किल्ल्याकडे बोट दाखवतात, "तो बघ जंजिरा." तो नव्हे. तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, अशा अर्थाचं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. जंजिऱ्यासाठी आणखी चार-पाच किलोमीटर दक्षिणेला राजपुरीला जायचं. तिथून शिडाची होडी. होडी तटाला भिडायला येते तरी दरवाजा दिसत नाही, नुसता काळा दगड. तुम्ही घाबरायच्या बेतात असता आणि अचानक दोन बुरुजांच्या मध्ये तो उघडतो. हा क्षण मी पाहुण्यांना घेऊन वीसेक वेळा पाहिला असेन, पण कंटाळा आला नाही. पुळणीवर घोडागाडी, शहाळी, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग. त्याचा मात्र आला.

दापोलीच्या मुरुडात समुद्र आधी दिसतच नाही. सरळ रस्ता, दोन्हीकडे गडगे, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडीतून चालत गेलं की शेवटच्या माडामागे एकदम पुळण. आजी ओल्या पायांनी ओटीवर येऊ द्यायची नाही. विहिरीवर पाय धुवायचे, मग वर. दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब आम्ही लपाछपीत इतक्यांदा मिठीत घेतले, की त्यांवर नक्षी आहे हे मोठेपणी कळलं. महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले ते याच मुरुडात. परीक्षेसाठी पावसाळ्यात ते इथून साताऱ्याला पायी गेले आणि तिथे "वयाने लहान दिसतोस" म्हणून परत पाठवले गेले. आजोबा ही गोष्ट आम्हाला सांगायचे ती बहुधा आम्ही हर्णैपर्यंत चालायला कुरकुर केली की. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. तिथे बोट वर करताना जपून, नाहीतर पापलेटाची पाटी तुमच्या नावावर चढायची.

मग कुठलं चांगलं? बरोबर पोरं असतील आणि किल्ला बघायचा असेल तर रायगडचं. काहीच करायचं नसेल तर दापोलीचं, आणि हे मी आजोळ म्हणून सांगत नाही. बरं, थोडंसं म्हणूनच सांगतो.

फक्त पैसे भरण्याआधी खोलीवाल्यांना एवढं विचारा: तुमच्याकडे यायचं ते अलिबागवरून, की दापोलीवरून?