सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची तलवार

जर्मनीतल्या कोलोनला येणारे पाहुणे डोमचे, म्हणजे इथल्या मुख्य चर्चचे, मनोरे बघतात. 157 मीटर उंच! मान अवघडेपर्यंत वर बघायचं, फोटो काढायचे आणि ऱ्हाईनच्या काठाने फिरायला निघायचं. घरून कुणी आलं की मी त्यांना हट्टाने डोमच्या उत्तरेकडच्या खजिनादालनात नेते. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, म्हणून बरेच जण ते गाळतात. सोन्याचे क्रूस, संतांच्या अस्थींच्या पेट्या हे सगळं तिथे आहेच. मला मात्र दाखवायचं असतं एका सहा वर्षांच्या मुलाचं सामान.

1959 साली डोमच्या खाली उत्खनन चालू असताना दोन कबरी सापडल्या, एक तरुण बाईची आणि एक या मुलाची. दोन्ही सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. आत्ताचा डोम बांधायला घेतला 1248 मध्ये, म्हणजे त्याच्याही सातशे वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा इथे फ्रँक या जर्मॅनिक टोळीच्या राजांची सत्ता होती आणि हे राजे नुकतेच ख्रिस्ती झाले होते. मुलाचं नाव कुठे कोरलेलं नाही. थाटावरून तो राजघराण्यातला असावा असं अभ्यासक मानतात.

त्याच्यासोबत काय काय ठेवलं होतं बघा. लाकडी पलंग. लाकडी खुर्ची. राजदंडासारखी एक लाकडी काठी. लांब तलवार, दोन भाले, कुऱ्हाड, ढाल. काचेची आणि काशाची भांडी. आणि एक शिरस्त्राण. हे शिरस्त्राण लहान आहे, मुलाच्याच डोक्याच्या मापाचं. बाकीची शस्त्रं मात्र पुऱ्या वाढलेल्या पुरुषाची. त्या काळातली अशी तलवार साधारण 90 सेंटीमीटर भरते. सहा वर्षांच्या मुलाच्या ती छातीपर्यंत आली असती, आणि एका हाताने त्याला पेललीही नसती.

माझा जीव अडकतो तो या दोन मापांत. शिरस्त्राण कुणीतरी त्याच्यासाठी मुद्दाम घडवून घेतलं. तो जिवंत असताना ते घालून घोड्यावर पुढे बसला असेल, आरशात बघावं तसं पाण्यात बघितलं असेल, किंवा नसेलही. तलवार मात्र तो पुढे जो होणार होता, त्या माणसाची आहे. न आलेली वर्षंही त्याच्याबरोबर पुरली.

अशा श्रीमंत कबरी म्हणजे सत्तेचं प्रदर्शन, असं स्पष्टीकरण नेहमी वाचायला मिळतं. अंत्यविधीला जमलेल्या सरदारांना दाखवायचं असतं की वारस गेला तरी घराण्याची पत शाबूत आहे. ते खरंच आहे. तलवार महाग वस्तू, ती मातीत घालणं ही मोठीच ऐपत. पण म्हणून त्यातून आईबापांचं दुःख वजा करायचं, हे मला अजिबात पटत नाही. दरबाराला दाखवायला तलवार पुरेशी होती. पलंग कशाला हवा होता? पोराला नुसत्या दगडी फरशीवर निजवणं कुणाला तरी जमलं नाही.

शेजारच्या बाईच्या दागिन्यांत गार्नेटचे लाल खडे आहेत. त्या काळच्या फ्रँक दागिन्यांतले अशा प्रकारचे बरेच खडे भारतातून आणि श्रीलंकेतून इथवर पोचले होते. खड्यांच्या रासायनिक तपासणीतून ते कळलं. सहाव्या शतकात ऱ्हाईनकाठच्या एका बाईच्या अंगावर आपल्याकडच्या खाणीतला खडा असू शकतो, हे ऐकून माझी मावशी त्या काचेपासून हलेना.

दुसरी कबर फ्रँकफर्टची, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. 1992 मध्ये तिथल्या डोमच्या खाली चार-पाच वर्षांच्या मुलीची कबर मिळाली, साधारण इ. स. 700 ते 730 मधली. कानांत, बोटांत, मनगटांवर सोनं. अंगावरच्या कापडावर सोन्याचा क्रूस. इथपर्यंत ती एका ख्रिस्ती घरातली लाडकी लेक. पण त्याच कबरीत आणखी एका मुलाच्या जळलेल्या अस्थी निघाल्या, वयाने तिच्याएवढंच मूल. सोबत अस्वलाची नखं. म्हणजे त्या मुलाला अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून दहन केलं होतं. ही चाल ख्रिस्ती नव्हे, उत्तरेकडच्या जुन्या धर्माची.

आपल्याकडे दहन करणाऱ्या घरांतसुद्धा अगदी तान्ह्या मुलाला पुरतात, त्यामुळे एका घरात दोन रीती असणं आपल्याला नवं नाही. पण तिथे वयाचा प्रश्न असतो. इथे वय सारखं आणि धर्म दोन. चर्चने दहनाला सक्त विरोध केलेला असताना कुणीतरी ठरवलं की ही दोघं एकत्रच राहतील. भावंडं? लग्न ठरलेली मुलं? मला वाटतं, दोन घरांनी आपापली रीत सोडली नाही आणि एकमेकांची हात धरून मान्यही केली.

अर्थात बहुतेक मुलांच्या वाट्याला असलं काही आलं नाही. या काळातल्या दफनभूमींत तान्ह्या मुलांच्या कबरी अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळतात, बहुधा उथळ खड्डे नांगराखाली गेले आणि कोवळी हाडं मातीत विरली म्हणून. जी मिळतात त्यांत एखादं मातीचं भांडं, थोडे काचेचे मणी, कंगवा, क्वचित भोक पाडलेलं जुनं रोमन नाणं नाहीतर कवडी किंवा अस्वलाचा दात. नाणं आणि दात हे राखणीसाठी, आपल्या बाळांच्या मनगट्यांतल्या काळ्या मण्यांसारखे. मुलगी वयात येऊन मेली तर दागिने एकदम वाढतात, कारण तेव्हा ती लग्नाची झालेली असते. त्याआधी चार मणी.

हे चार मणीवालं सामान बघायचं तर बॉन किंवा स्टुटगार्टच्या प्रांतिक संग्रहालयात जा. फ्रँकफर्टच्या मुलीचे दागिने फ्रँकफर्टमध्येच आहेत. कोलोनहून फ्रँकफर्ट जलद गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, ही दोन्ही शहरं एका दिवसात होतात.