मॉमी नदीतला वॉलआय: आधी शिशाचं वजन बघा, रंगबिंग नंतर

एप्रिलमध्ये ओहायोत मॉमी नदीवर वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा धरायला जाणार असाल तर आधी हे वाचा आणि मगच पाकीट उघडा. डेट्रॉइटकडून आय-75 ने तासाभराचा रस्ता, सोपं काम वाटलं होतं. वाटेत हायवेजवळच्या एका दुकानात आम्ही स्पष्ट सांगितलं की मॉमीला चाललोय, वॉलआयचा रन (अंडी घालायला मासे नदीत चढतात तो मोसम) आहे, काय घेऊ, तर त्या माणसाने तीन-तीन काट्यांचे गळ लटकलेले क्रँकबेट (पोहणाऱ्या माशासारखं नकली आमिष) काढून दिले, वर जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) आणि बादली. बिल बघून घाम फुटला. आणि नदीवर गेल्यावर कळतं की 1 मार्च ते 1 मे या काळात इथे ट्रेबल हुक, म्हणजे हेच तीन काट्यांचे गळ, कायद्यानेच बंद आहे! एकच काटा, तोही दांडीपासून टोकापर्यंत अर्ध्या इंचाच्या आत. रेंजर अगदी फिरून तपासतात. नदीपासून इतक्या जवळ दुकान मांडून बसलेल्याला हे माहीत नसेल यावर माझा अजिबात विश्वास नाही.

त्यात मिनेसोटात वाढलेला एक मित्र आठवडाभर सांगत होता लीच (जळू) घे, स्लिप बॉबर (लाइनवर सरकणारा तरंगा) लाव, वॉलआय दुसरं काही बघतच नाही. मिल लॅक्ससारख्या तलावात जूनमध्ये ते शंभर टक्के खरं आहे, मी स्वतः बघितलंय. पण तलावातलं ज्ञान या नदीत घेऊन येऊ नका. इथला मासा लेक ईरीतून वर चढून येतो तो अंडी घालायला, पाणी साधारण 42 ते 50 फॅरनहाइटला आलं की, आणि खडीच्या तळाला प्रवाहाकडे तोंड करून बसतो. त्याला भूक नसते. नाकासमोरून काहीतरी गेलं की चिडून धरतो एवढंच. त्यामुळे वास, जिवंतपणा, महागडी फिनिश यांचा उपयोग शून्य, आणि मिनो तर या धारेत दोन-चार कास्टमध्ये (गळ फेकण्यांमध्ये) गळावरून निघूनच जातो.

चालतं ते हे. मेन लाइनवर सरकणारं शिसं, मग स्विव्हल (फिरणारी कडी), मग लीडर (पुढचा वेगळा दोरीचा तुकडा), आणि टोकाला तरंगणारं जिग हेड (गोळा बसवलेला गळ), त्यावर दोन इंची ट्विस्टर टेल (वळणदार शेपटीचं रबरी आमिष). बस्स. तरंगणारंच घ्या, साधं जिग दगडात जाऊन बसतं, तरंगणारं तळापासून थोडं वर राहतं आणि माशाच्या तोंडाच्या उंचीवरून जातं. लीडरची तंगूस मेन लाइनपेक्षा हलकी ठेवा, मेन 12 पौंडाची असेल तर लीडर 8 ची, म्हणजे अडकलं तर फक्त जिग जातं, शिसं आणि स्विव्हल परत येतं. आणि अडकणारच, दिवसभर अडकणार. दुकानात तयार बांधलेले रिग मिळतात, घेऊ नका, लूट आहे. सुटे जिग हेड आणि शिशाचं पाकीट आणून आदल्या रात्री टीव्हीसमोर बसून बांधा. कोकणात ज्यांनी लहानपणी गरी बांधलीय त्यांना हे दहा मिनिटांचं काम आहे.

आता मुद्द्याचं, शिसं. तिथे माझ्या डावीकडचा आणि उजवीकडचा मासे ओढत होते आणि मधल्या माणसाला काही नाही असं चित्र दिवसभर दिसतं, आणि सगळे एकमेकांना विचारतात कोणता रंग, कोणता रंग. रंग नाही हो, वजन! थोडं प्रवाहाच्या वरच्या बाजूला कास्ट करायचं, लाइन ताणलेली ठेवायची, आणि शिसं तळाला टक... टक... टक करत खाली वाहत गेलं पाहिजे. एका जागी बसलं तर जड आहे, कमी करा. टकटक लागतच नसेल तर हलकं आहे, जिग माशाच्या डोक्यावरून चाललंय. तीन अष्टमांश औंसापासून पाऊण औंसापर्यंत सगळी वजनं खिशात हवीत आणि वीस पावलं सरकलात तरी बदलायची तयारी हवी कारण धार बदलते. टकटक थांबून नुसतं जड, रबरासारखं वाटलं की ओढा, तो मासा असतो, वॉलआय झटका देत नाही. रंगाचं विचाराल तर पाणी गढूळ असतं, वरची सगळी शेतातली माती यात येते, पोपटी किंवा भडक गुलाबी लावा आणि विषय सोडा. वॉलआयच्या डोळ्यात मागे चमकणारा पडदा असतो, अंधुक पाण्यात त्याला आपल्यापेक्षा खूप बरं दिसतं.

लीडर किती लांब यावर तिथे भांडणं होतात. काही जण पाच-सहा फूट लावतात. माझं मत साफ आहे, तसं करू नका. लांब लीडर माशाच्या तोंडातून आडवा जातो आणि गळ बाहेरून गालात लागतो, आणि तोंडाच्या आत न लागलेला मासा इथे सोडावाच लागतो, कायदा आहे. दीड ते अडीच फूट पुरे.

आता वेडिंग, म्हणजे पाण्यात उतरून चालणं. तुम्ही धडधाकट आहात आणि चेस्ट वेडर (छातीपर्यंतची पाणी न शिरणारी विजार) तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो. साइड कट मेट्रोपार्कमधून ब्लूग्रास आयलंडवर जायला मधली धार चालत ओलांडावी लागते, आणि हा पट्टा कुठल्याही व्हिडिओत धड दाखवत नाहीत, सगळे मासा हातात घेऊन हसतानाच दाखवतात. तळ म्हणजे शेवाळलेले गोल धोंडे, मध्ये खड्डे, पाणी इतकं थंड की गुडघ्याखाली काही कळेनासं होतं. जाताना जमतं. परत येताना पाय थकलेले, हातात स्ट्रिंगरवर (मासे ओवायच्या दोरीवर) मासे, आणि वरती कुठे पाऊस झालेला असेल तर पाणी सकाळपेक्षा चढलेलं. आमच्यासमोर एक जण मांड्यांपर्यंत जाऊन अर्ध्यावर तसाच उभा राहिला, पुढेही जाता येईना आणि मागेही, दोघांनी काठी धरून आणला त्याला. वेडिंग बेल्ट घट्ट हवाच, बूट काटेवाले, हातात काठी. वॉटरव्हिलच्या गेजवर (पाण्याची पातळी मोजण्याच्या जागी) यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा) आकडा सकाळी बघा आणि दुपारी फोनवर परत बघा, चढता असेल तर मासे लागत असले तरी निघा. शंका असेल तर बेटावर जाऊच नका, पेरिसबर्ग बाजूला फोर्ट मेग्जखाली किंवा ऑर्लिन्स पार्कला काठालगत उभे राहा, मासा तिथेही असतो.

दुसऱ्या दिवशी लेक ईरीच्या काठावरच्या पोर्ट क्लिंटनहून बोटीने रीफवर (तलावातल्या बुडालेल्या खडकांवर) गेलो, जांभळ्या-काळ्या हेअर जिगने (केसाळ जिगने) उभं जिगिंग, म्हणजे सरळ खाली सोडून वर-खाली करणं, मजेत झालं, सांगण्यासारखं विशेष काही नाही. ते क्रँकबेट मात्र फेकू नका, शरद ऋतूत तलावात रात्री ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे आमिष ओढायला) तेच सोनं आहे. आणि मे-जूनमध्ये तलावात याल तर बॉटम बाउन्सरवर (तळाला आपटत जाणाऱ्या तारेच्या वजनावर) क्रॉलर हार्नेस, म्हणजे पातं आणि अख्खं गांडूळ, बोट ताशी एक ते दीड मैल, त्याहून जोरात नको.

नदीवर या काळात सूर्योदय ते सूर्यास्तच परवानगी आहे, उजाडायच्या आधी गळ टाकू नका. लिमिट 6 मासे, किमान 15 इंच, तरी त्या वर्षीचं नियमपुस्तक बघूनच जा. लायसन्स ऑनलाइन मिळतं, एका दिवसाचंही. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवारी खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात आणि शेजाऱ्याशी लाइन गुंतवण्यात वेळ जातो. लहान नर ठेवा, रवा लावून तव्यावर उत्तम होतात, अंड्यांनी भरलेली मोठी मादी सोडा. एप्रिल संपता संपता वॉलआय परत तलावात उतरतो आणि मागून व्हाइट बास हा दुसरा मासा चढतो, तेव्हा उरलेले जिग आणि शिसं तेच वापरा, वेगळं काही विकत घेऊ नका.