व्हिटॅमिन सी ची पट्टी आणि माझी फजिती

मध्यंतरी हौसेने लघवीतलं व्हिटॅमिन सी दाखवणाऱ्या पट्ट्या मागवल्या. सकाळी 500 मिलीग्रॅमची गोळी घेतली, दोनेक तासांनी पट्टी बुडवली तर रंग थेट शेवटच्या चौकटीतला, म्हटलं वा, आपली टाकी फुल्ल! मग दोन दिवस गोळी घेतली नाही तर पट्टी जवळजवळ कोरी आणि माझा चेहरा पण. दोन्ही वेळा उगाचच.

कारण लघवीत येतं ते फक्त उतू गेलेलं. किडनी हे व्हिटॅमिन गाळते आणि बरंचसं परत आत ओढून घेते, रक्तातली पातळी एका हद्दीपलीकडे गेली की मगच बाहेर सोडते. 1996 साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात सात निरोगी तरुणांना डोस वाढवत वाढवत दिले होते, तर त्यातल्या सहा जणांच्या लघवीत रोजचा डोस 100 मिलीग्रॅम होईपर्यंत काहीच आलं नाही. म्हणजे कोरी पट्टी म्हणजे कमतरता असं अजिबात नाही, आणि माझा तो गडद रंग म्हणजे निव्वळ सकाळची गोळी.

खरं बघायचं तर रक्त. लिटरला 11 मायक्रोमोलच्या खाली गेलं तर कमतरता, स्कर्व्हीची (या कमतरतेने होणाऱ्या आजाराची) भीती तिथे, आणि भरपूर घेणाऱ्याचं 70-80 च्या आसपास जाऊन अडतं, मग कितीही गोळ्या खा. पण रक्ताचाही आकडा कालपरवाच्या खाण्याने हलतो, ताप किंवा इन्फेक्शन असेल तर खाली जातो. पांढऱ्या पेशींतलं मोजलं तर शरीरातल्या साठ्याचा जास्त चांगला अंदाज येतो म्हणतात, पण ते किचकट काम, सहसा कोणी करत नाही.

आणि सॅम्पल! हे व्हिटॅमिन हवेने, उजेडाने, उष्णतेने भराभर खराब होतं, म्हणून नळी लगेच बर्फात, उजेडापासून झाकून, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करून त्यात ॲसिड घालून फ्रीझ करायचा. एका लॅबला फोन करून विचारलं की बर्फात ठेवता का, तर पलीकडे बराच वेळ शांतता आणि मग "सगळं नॉर्मलच करतो सर". नाही दिलं मग रक्त.

एक मात्र कामाचं कळलं, लघवीत हे व्हिटॅमिन जास्त असेल तर लॅबमधल्या साध्या डिपस्टिकवर (लघवीत बुडवायच्या पट्टीवर) साखर किंवा रक्त असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. पुढच्या आठवड्यात माझी लघवीची तपासणी आहे, डॉक्टरांना गोळ्यांचं सांगून ठेवलंय आणि तोवर डबी कपाटात.